पुढे सरका, आत जागा आहे

माझा आवाज मोठा आहे. एवढं सोडलं तर माझ्यात पुढारीपणाचा एकही गुण नाही. आणि तो आवाजही काही कमावलेला नाही. बावीस वर्षं बसमध्ये कंडक्टरचं काम करता करता लोखंडावर गंज चढावा तसा तो आपोआप चढला. डेपोत मला तोंडावर 'मावशी' म्हणतात आणि पाठीमागे 'भोंगा'.

आवाजाखालोखाल मला गर्व होता तो माझ्या एका विद्येचा. दिवसभर पाणी न पिण्याच्या. पहाटे साडेचारला अर्धा कप चहा, त्यानंतर दुपारी दोनपर्यंत घशाखाली थेंब नाही. घसा सुकला की तोंडात एक लवंग. आमच्या मार्गाला डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत सव्वा तास लागतो. शेवटच्या थांब्यावर एक पत्र्याची शेड, टाइमकीपरची खिडकी आणि एक भिंत. भिंत पुरुषांसाठी. बस थांबली की ड्रायव्हर आळस देत भिंतीमागे जायचा आणि शीळ वाजवत परत यायचा. मी तोवर बसमध्ये बसून तिकिटांचे आकडे जुळवायचे. ते आधीच जुळलेले असायचे, पण काहीतरी करायला हवं ना.

नवीन मुलगी कामावर आली की मी तिला ही विद्या शिकवायची. "चहा अर्धाच घ्यायचा. पाण्याची बाटली जवळ ठेवायची, पण नुसती दिसायला. आणि पुढे खड्डा दिसला की उभं राहायचं, बसून राहायचं नाही." मुली माना डोलवायच्या आणि मला आपण मोठ्या गुरू असल्यासारखं वाटायचं.

डेपोत बायकांसाठी एक संडास होता, नव्हता असं नाही. दारावर बाईचं चित्र होतं आणि आत छतापर्यंत फाटक्या सीटा रचलेल्या होत्या. आज ना उद्या कोणीतरी त्या उचलेल असं मला वाटायचं. माझ्या नोकरीला वीस वर्षं झाली तेव्हा डेपो मॅनेजरने मला एक प्रमाणपत्र दिलं: 'वीस वर्षे विनातक्रार सेवा.' मी ते चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं, पाहुण्याला खुर्चीत बसल्या बसल्या दिसेल असं. नवऱ्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हे बक्षीस आहे की कबुलीजबाब?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग माझी भाची नोकरीला लागली. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहिणीच्या मनात नव्हतं, पण मीच तिच्या मागे लागले. "माझ्या नजरेखाली राहील," म्हटलं. मुलगी अंगाने बारीक, हिशेबाला पक्की, आणि प्रश्न फार विचारणारी. पहिल्याच दिवशी मी माझी विद्या सांगितली तेव्हा तिने विचारलं, "मावशी, पण मग जायचं कुठे?"

"कुठेच जायचं नाही. तेच तर शिकायचंय," मी म्हटलं.

शिष्या गुरूच्या वरचढ निघाली. तिने अर्धा कप चहाही सोडला. नोकरीच्या आठव्या महिन्यात एका सकाळी तिकिटं देता देता ती बसच्या पायरीवर खाली बसली ती उठेचना. अंगात सणसणून ताप. प्रवासी भले, त्यांनी बस थेट दवाखान्यात न्यायला लावली. मूत्रपिंडाला संसर्ग झाला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भाचीला विचारलं, "दिवसाला किती पाणी पितेस?"

"एक ग्लास. कधी दीड."

"हा शहाणपणा कोणी शिकवला तुला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याकडे सगळ्याच असं करतात."

पोरगी मला वाचवत होती. अशा वेळी शहाण्या माणसाने निदान गप्प बसावं. पण मी काय म्हणाले? "आजकालच्या मुलींना तब्येतीची काळजीच नाही हो, डॉक्टर." जिभेला हाड नसतं हे मला ठाऊक होतं. माझ्या पाठीलाही नाही हे त्या दिवशी कळलं.

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तूच शिकवलंस ना तिला?"

"मी फक्त एवढंच..."

"तुझं ते 'फक्त' माझ्या पोरीच्या मूत्रपिंडापर्यंत गेलं," ती म्हणाली. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

अंगाशी आल्यावर मला कंठ फुटला. मी मॅनेजरकडे गेले आणि त्या सीटा तेवढ्या हलवा म्हणून सांगितलं. मॅनेजर स्वभावाने वाईट नाही. त्याने मला खुर्ची दिली. "मावशी, बावीस वर्षांत एकाही बाईचा अर्ज नाही. मी वर काय कळवू? उलट वरून कोणी विचारलं तर मी तुमचंच उदाहरण देतो. म्हणतो, आमच्या मावशींनी कधी काही मागितलं का?"

म्हणजे माझं गप्प बसणं त्याने पुरावा म्हणून वापरलं होतं. मी खुर्चीतून उठले, "बरं," म्हणाले आणि निघून आले. पुन्हा 'बरं'! सवय काही जात नाही.

त्याच सुमारास शहरातल्या बायकांच्या मोर्चाची जुळवाजुळव चालली होती. ती करत होत्या वकीलबाई. बुटक्या, हसऱ्या, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. बाजारातल्या विक्रेत्या बायका, सफाई कामगार, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, कारखान्यात खोकी भरणाऱ्या, आणि आमच्या कंडक्टर अशा सगळ्याजणी एकत्र येणार होत्या. कामाच्या प्रत्येक ठिकाणी बायकांसाठी संडास हवा. त्रास देणाऱ्या वरिष्ठाविरुद्ध तक्रार ऐकणारी समिती हवी, आणि ती नुसती कागदावर नको. ड्यूट्या लावताना बायकांना विचारायला हवं. वकीलबाई भाचीला भेटायला दवाखान्यात आल्या आणि भाची पडल्या पडल्या मोर्चात सामील झाली. घरी आल्यावर तर तिची खाट म्हणजे फलकांचा कारखाना झाली.

मी म्हटलं, "मोर्चेबिर्चे आपलं काम नाही. नोकरी आहे आपली."

"तू येऊ नकोस, मावशी," ती शांतपणे म्हणाली. "मला सोडायला तेवढी ये."

मी रजा टाकली, पण अंगावर गणवेश चढवला. कोणी पाहिलंच तर ड्यूटीवर आहे असं वाटावं! ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. भाचीला डॉक्टरांनी तासाला एक लहान बाटली पाणी सांगितलं होतं. तिने एक बाटली स्वतः घेतली आणि दुसरी माझ्यापुढे धरली. "मी एकटी पिणार नाही. तूही पी."

तिच्या डोळ्यांखाली अजून काळी वर्तुळं होती. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मी बाटली संपवली. तासाभराने दुसरी संपवली. पाणी चांगलं लागतं हे मी विसरूनच गेले होते.

डेपोच्या फाटकाशी पाच-सहाशे बायका जमल्या होत्या. हातगाडीवर एक कर्णा बांधलेला. वकीलबाईंनी "बहिणींनो" म्हटलं मात्र, कर्णा खर्र करून बंद पडला तो पडलाच. वकीलबाईंचा स्वतःचा आवाज म्हणजे झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तसा. पहिल्या रांगेपलीकडे कोणाला काही कळेना.

तेवढ्यात माझ्या भाचीने हात वर केला. "माझ्या मावशीला पुढे घ्या. तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो."

मी मागे वळून कुठून सटकता येईल ते पाहत होते, तोवर मला पुढे ढकललं गेलं. हातात घोषणांचा कागद दिला. माझा वाचायचा चष्मा घरी. कागदावर नुसत्या मुंग्या. पाचशे बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. मी तोंड उघडलं आणि बावीस वर्षं रोज जे बाहेर पडत आलंय तेच पडलं.

"चला, पुढे सरका! दारात उभं राहू नका! आत जागा आहे!"

मग मागून आमच्या कंडक्टर पोरींचं हसू फुटलं आणि हसत हसतच त्यांनी उत्तर दिलं, "पुढे सरका!" बाजारवाल्यांनी उचललं, "आत जागा आहे!" आणि मोर्चा हलला. बँकेवरून, कचेऱ्यांवरून, काचेच्या मोठ्या दुकानांवरून जाताना बायका वरच्या खिडक्यांकडे हात करून ओरडत होत्या, "आत जागा आहे!" तेव्हा कुठे मला त्यातला अर्थ लागला. एक म्हातारी सफाई कामगार माझ्या बाजूला चालत होती. ती म्हणाली, "काय नेमकं सुचलं गं तुला!"

मी विनयाने मान खाली घातली. खोटं बोलायला तोंडच उघडावं लागतं असं थोडंच आहे?

अर्ध्या वाटेवर त्या दोन बाटल्यांनी आपलं काम सुरू केलं. आधी मी दुर्लक्ष केलं. मी कोण? या विद्येची गुरू! पण विद्या कोरड्या पोटावर कमावलेली होती, भरल्या पोटाचा सराव नव्हता. वाटेत पाण्याचा एक टँकर गळत उभा होता. त्या धारेचा आवाज मी कधी विसरणार नाही. पेट्रोल पंपावर पाहिलं तर दाराला कुलूप. बँकेच्या रखवालदाराला हळूच विचारलं, तो म्हणाला, "फक्त कर्मचाऱ्यांसाठी."

मी पाय उचलले. पुढची बाई पाय उचलते म्हटल्यावर पाचशे जणींनी पाय उचलले. वकीलबाई पिशवी सावरत माझ्या बाजूने पळू लागल्या. "मावशी, जरा हळू! मागच्यांना धाप लागतेय!"

"आता हळू जमणार नाही!" मी ओरडले.

शेजारून एक वार्ताहर चालला होता, त्याने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: 'आता हळू जमणार नाही! मोर्चेकरी महिलांचा इशारा.'

बस कंपनीच्या मुख्य कचेरीच्या फाटकावर शिपाई आडवा आला. "फक्त पाच जणींना आत सोडायचा हुकूम आहे."

"मी पहिली," म्हणून मी त्याच्या हाताखालून गेले. जिना चढले. मोठ्या साहेबांची खोली पहिल्या मजल्यावर. साहेब निवेदन घ्यायला उठून उभे राहिले, चेहऱ्यावर हसू वगैरे तयार होतं. "या, बसा..."

"साहेब, बाथरूम कुठे आहे?"

त्यांचा हात आपसूक मागच्या दाराकडे गेला. मी त्या दाराआड.

पांढऱ्याशुभ्र फरशा, मोठा आरसा, दोन प्रकारचे साबण, पुसायला मऊ टॉवेल. एका माणसासाठी. आरशात मी स्वतःला पाहिलं. गणवेश चुरगळलेला, डोळ्यांत पाणी. ते सुटकेचं होतं, बाकी कसलंही नव्हतं.

बाहेर आले तर वकीलबाई, भाची, सफाईवाली आजी आणि बाजारातली एक बाई आत येऊन पोचल्या होत्या. भाचीने दाराकडे पाहिलं. "मीही जाऊन येते. डॉक्टरांनी सांगितलंय, रोखायचं नाही." तिच्यानंतर बाजारवाली गेली. मग आजी. आजी बाहेर आली ती सरळ खिडकीशी गेली आणि खाली रस्त्यावर उभ्या बायकांना तिने हाक दिली, "या गं, वर सोय आहे!"

मग काय विचारता! पाच जणींचा हुकूम सांगणारा शिपाई बाजूलाच राहिला. साहेबांच्या दारापासून व्हरांडा, व्हरांड्यातून जिना, जिन्यावरून फाटकापर्यंत बायकांची रांग. ना आरडाओरडा, ना मोडतोड. मी सवयीने कामाला लागले. "एकेक करून. रांग मोडू नका. कडेवर मूल असेल तर पुढे या." वकीलबाईंनी निवेदन टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "वाचा सावकाश, साहेब. आम्हाला घाई नाही."

साहेबांनी फोन केला. दोन पोलीस आले, त्यांतली एक बाई. ती रांगेकडे बघत राहिली, मग मला हळूच म्हणाली, "किती वेळ लागेल?" आणि टोपी काखेत मारून रांगेत उभी राहिली.

दीड वाजेपर्यंत साहेबांचा दोनदा चहा झाला होता. ते एकदा या पायावर पाय टाकत, एकदा त्या. निवेदनाचं तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते. पुरुषांची सोय खाली तळमजल्यावर होती, पण तिथे जायचं तर बायकांनी भरलेला अख्खा जिना उतरायचा, आणि आपण कशासाठी चाललोय हे प्रत्येकीला कळणार! शेवटी ते माझ्याकडे झुकून पुटपुटले, "मला जरा..."

"साहेब, रांगेत या. शेवट खाली फाटकापाशी आहे."

देवाशपथ, टोमणा नव्हता तो. तोंडातून सवयीने गेलं. पण खोलीत जो हशा उठला, तो थेट जिन्यावरून खाली उतरत गेला. साहेब लाल झाले. मग त्यांनी पेन उघडलं. डेपोतल्या सीटा आठ दिवसांत हलवायच्या, नऊ शेवटच्या थांब्यांवर तीन महिन्यांत स्वच्छतागृहं बांधायची, तक्रार समितीत निम्म्या कामगार बायका. सही झाली. आजी म्हणाली, "जाऊ द्या गं त्याला आता. माणूसच आहे बिचारा," आणि रांगेने वाट करून दिली.

मग मैदानात सभा. फळ्यांचं व्यासपीठ आणि कुठून तरी उसना आणलेला, चालणारा माईक. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांनी न डगमगता साहेबांच्या खोलीत थेट धडक मारली..." आणि टाळ्यांच्या कडकडाटात मला वर चढवलं. खरं सांगते, मला ते फार आवडत होतं. दोन शब्दांत आभार मानून खाली उतरायचं, फुकटचा मोठेपणा पिशवीत घालून घरी न्यायचा, एवढंच तर होतं.

पण गर्दीच्या कडेला माझी बहीण उभी दिसली. हातात भाचीच्या औषधांची पिशवी. टाळ्या न वाजवणारी सगळ्या मैदानात ती एकटीच.

"मी धडकबिडक मारली नाही," मी म्हटलं. "मला जोराची लागली होती."

मैदान हसलं. मीही हसले असते, पण तेवढ्यावर थांबले असते तर पुन्हा बोलणं झालं नसतं. "दुसरं म्हणजे, ही माझी भाची आजारी पडली ती माझ्यामुळे. पाणी पिऊ नको असं मी तिला शिकवलं. तिच्या आधी अकरा जणींना शिकवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती माझं नाव लपवत होती आणि मी तिलाच बोल लावला." एवढं बोलून माझा तो प्रसिद्ध आवाज पार बसला. टाळ्या नाहीत, काही नाही. पहिल्या रांगेत मांडीवर मूल घेऊन बसलेली एक बाई तेवढी म्हणाली, "मग आता त्या अकरा जणींना सांगून या."

खाली उतरले तर भाची म्हणाली, "तू कधीतरी बोलशील हे माहीत होतं मला. पण एवढ्या लोकांत? घरी सांगितलं असतंस तरी चाललं असतं गं."

बहीण जवळ आली. गळ्यात पडेल असं मला वाटलं होतं. तिने औषधांची पिशवी माझ्या हातात कोंबली. "धर. माझा हात दुखतोय." सव्वीस दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

आठ दिवसांत हलायच्या त्या सीटा वीस दिवसांनी हलल्या. नऊपैकी चार थांब्यांवर पाच महिन्यांत बांधकाम झालं, उरलेली पाच अजून कागदावर आहेत. अकरा जणींकडे मी गेले. एकीने नोकरी केव्हाच सोडली होती. एकीने दारातूनच, "आता सांगतेस होय?" म्हणून दार लावलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, दोघींनी तर चहा दिला, पूर्ण कप. समितीत मॅनेजरने माझं नाव घातलं. त्याला वाटलं, ही काही बोलायची नाही. त्याला आता पश्चात्ताप होतो असं त्याची चर्या सांगते. भाची कामावर परत आली आहे. माझा सल्ला मात्र ती कुठल्याच बाबतीत घेत नाही, बसची काच कशी पुसावी याबद्दलसुद्धा.

आमच्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावरचा संडास उघडला त्या दिवशी माझीच पहिली फेरी होती. दाराला नवंकोरं कुलूप, आणि चावी टाइमकीपरकडे. खिडकीशी सात-आठ प्रवासी उभे. पाचशे बायकांपुढे ओरडलेली मी, खिडकीत तोंड घालून कुजबुजले, "चावी द्या."

"कसली?"

"ती... नवीन."

"नवीन काय?" टाइमकीपरने कानाला हात लावला. मग त्याने विचारलं, "कशाला हवीय?"

माझ्या मागे दुसऱ्या बसची कंडक्टर येऊन उभी राहिली होती, विशीतली, याच महिन्यात लागलेली. माझ्याकडे बघत होती. मी मान बाहेर काढली, छाती भरून श्वास घेतला. "संडासाची चावी द्या!" शेडचा पत्रा थरथरला. सगळे प्रवासी वळले. ड्रायव्हर भिंतीमागून डोकावला. टाइमकीपरने चावी अशी पुढे केली जशी काही हाताला भाजत होती.

मी जाऊन आले. मग ती मुलगी गेली. आमची बस सात मिनिटं उशिरा सुटायची झाली. टाइमकीपर वही पुढ्यात ओढून म्हणाला, "मावशी, उशिराचं कारण काय लिहू?"

"आहे तेच लिहा."

त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'तांत्रिक कारण.' चष्मा आता मी गळ्यातच अडकवून फिरते. मी ते वाचलं, त्या शब्दांवर बोट ठेवलं आणि खोडून नीट लिहायला लावलं. तोवर आठवं मिनिटही झालं होतं.